गाडी नंतर बघू, आधी पॉलिसी परत करा

प्रश्न : मॅडम, नमस्कार. मी अकोल्याचा, अनुदानित शाळेत शिक्षक, वय ४३. हातात पगार ६८ हजार येतो. घरकर्जाचा हप्ता १९,५०० आहे. घरखर्च आणि दोन मुलांच्या फिया मिळून ३२ हजार जातात, वडिलांची औषधं आणि गावाकडच्या फेऱ्या पाचेक हजार. पत्नी घर सांभाळते. वडील ७२ वर्षांचे, दर्यापूर तालुक्यात गावी असतात. त्यांना दर महिन्याला अमरावतीच्या दवाखान्यात न्यावं लागतं.

गाडी २०१३ ची वॅगनआर, पेट्रोल, १ लाख १२ हजार किलोमीटर झालेली. दोन वर्षांपासून छळतेय. टॉवर चौकाच्या गर्दीत अडकलो की एसीतून गरम हवा येते आणि इंजिनाच्या तापमानाचा काटा एचकडे (हॉट) सरकतो. हायवेला लागलो की दोन्ही ठीक. तीन उन्हाळे गॅस भरला, दरवेळी अडीच हजार. मेकॅनिकने थर्मोस्टॅट काढून टाकला, म्हणाला, ‘इकडच्या उन्हात त्याचं काय काम जी?’ आणि डिसेंबरात पहाटे निघालो तर हीटर थंडगार, वडील कुडकुडतात. ॲव्हरेज १७ वरून १३ वर आलं. आता तो कॉम्प्रेसर, कंडेन्सर, कूलिंग कॉइल आणि रेडिएटर बदलायला सांगतोय, ४८ हजार. हेड गॅस्केटही गेलं असेल म्हणतो, ते वेगळं. गाडीला फुल इन्शुरन्स आहे, त्यातून काही मिळेल का?

नवी गाडी ऑनरोड ८ लाख. ६ लाख कर्ज, ७ वर्षं, साडेनऊ टक्के. वरचे २ लाख जुनी गाडी विकून येतील. हप्त्याची काळजी नाही. मार्चमध्ये ४ लाख २० हजारांची एफडी रिन्यू करायला गेलो, तेव्हा बँकेतल्या साहेबांनी त्यातल्या दीड लाखाची गॅरंटीड इन्कम पॉलिसी काढून दिली. दहा वर्षं दीड-दीड लाख भरायचे, दुसऱ्या वर्षाअखेरपासून दरवर्षी ३६ हजार मिळणार आणि पंचविसाव्या वर्षी २५ लाख. ते म्हणाले, गाडीचा हप्ता पॉलिसीच भरेल. पुढचे प्रीमियम कापसातून निघतील, यंदा भाव १० हजारांवर जाईल असं सगळे म्हणतात. पॉलिसी २६ मार्चला मेलवर आली, कागद अजून पोस्टाने यायचेत. तर गाडी दुरुस्त करू की नवी घेऊ?

उत्तर : सर, तुमचं पत्र ९ एप्रिलचं. दुसऱ्याच दिवशी तुम्हाला मी दोन ओळींची मेल टाकली, कारण हे उत्तर येईपर्यंत थांबणं परवडलं नसतं. मेल पाहिली नसेल तर आता पाहा. गाडीबद्दल तुम्ही तपशिलात लिहिलंत आणि पॉलिसीचं जाता जाता सांगितलंत. मी उलट्या क्रमाने जाते. गाडी आणखी महिनाभर गॅरेजबाहेर उभी राहिली तरी फार तर घामाघूम व्हाल. पॉलिसीचं तसं नाही.

आयुर्विम्याची पॉलिसी हातात पडल्यापासून ३० दिवसांत ती परत करता येते. याला फ्री लूक म्हणतात. कंपनी त्यातून मुद्रांक शुल्क, वैद्यकीय तपासणी झाली असेल तर तिचा खर्च आणि तेवढ्या दिवसांच्या विम्याचं शुल्क कापते, बाकी सगळा प्रीमियम परत देते. दीड लाखातले काही शे किंवा फार तर काही हजार जातील. आणि ‘हातात पडली’ म्हणजे पोस्टाने आलेला जाड लिफाफा नव्हे. मेलवर आलेली पॉलिसीही मिळालेलीच धरतात. म्हणजे तुमचे दिवस २६ मार्चपासून मोजायचे आणि ते २५ एप्रिलला संपतात. २५ एप्रिलला चौथा शनिवार आहे. उद्या १४ एप्रिल, आंबेडकर जयंतीची सुट्टी. म्हणून अर्ज आज लिहून ठेवा आणि बुधवारी शाळेतून अर्धा दिवस रजा टाका. शिक्षकांना एप्रिलमध्ये पेपर तपासायचे असतात हे मला कळतं, तरीही टाका.

अर्ज बँकेतल्या साहेबांकडे द्यायचा नाही. तो विमा कंपनीकडे जातो. पॉलिसीवर कंपनीची मेल आयडी असते, अकोल्यात शाखा असेल तर तिचा पत्ता असतो. दोन्हीकडे द्या. ‘पॉलिसीच्या अटी मला मान्य नाहीत, फ्री लूकच्या मुदतीत पॉलिसी रद्द करून प्रीमियम परत करावा’ एवढं एक वाक्य पुरे. पॉलिसी क्रमांक, बँक खात्याचा रद्द केलेला चेक आणि ओळखपत्राची प्रत जोडा. शाखेत दिलंत तर दुसऱ्या प्रतीवर तारखेसह शिक्का घ्या. ‘साहेब जेवायला गेलेत, ठेवून जा’ असं कोणी म्हणालं तर बसून राहा, पण शिक्का घेतल्याशिवाय उठू नका. दाद लागली नाही तर विमा नियामकाच्या, म्हणजे आयआरडीएआयच्या, बीमा भरोसा पोर्टलवर तक्रार आणि त्यापुढे पुण्याचे विमा लोकपाल. तिथे वकील लागत नाही, पैसेही लागत नाहीत.

मग तुम्हाला फोन येईल. आधी कंपनीतून गोड आवाजात, नंतर बँकेतून जरा दुखावलेल्या आवाजात. ‘सर, एवढी चांगली स्कीम, पुढच्या महिन्यापासून बंद होतेय.’ ‘सर, निदान हे वर्ष तरी राहू द्या.’ हे वर्ष राहू देण्यातच सगळी गोम आहे. या पॉलिस्यांमधलं विकणाऱ्याचं कमिशन पहिल्या वर्षीच्या हप्त्यावर सगळ्यात जास्त असतं, आणि मुदत टळल्यावर पहिल्या हप्त्यानंतर तुम्ही थांबलात तर त्या दीड लाखातला मोठा भाग गेलाच समजा. पॉलिसी काढताना आणखी एक फोन आला असेल. पलीकडून एक मुलगी भराभर अटी वाचत असते आणि समोर बसलेले साहेब खुणेने सांगतात, ‘सगळ्याला हो म्हणा, फॉर्मॅलिटी आहे.’ तो कॉल रेकॉर्ड होतो. दोन वर्षांनी तुम्ही ‘मला चुकीचं सांगितलं’ म्हणालात की तुमचाच ‘हो’ तुम्हाला ऐकवतात. फ्री लूकमध्ये ही भानगड नाही. कोणी काय सांगितलं ते सिद्ध करावं लागत नाही. आता घाई करायची ती यासाठीच.

आता ही स्कीम मुळात काय आहे ते पाहू. तुम्ही १५ लाख भरणार, २४ वेळा ३६ हजार म्हणजे साडेआठ लाखांच्या वर मिळणार आणि शेवटी २५ लाख. बेरीज साडेतेहेतीस लाखांच्या पुढे. साहेबांनी ही बेरीज कागदावर गोल करून दाखवली असेल, ‘दुपटीहून जास्त, तेही गॅरंटीड.’ पण या बेरजेत पंचवीस वर्षं दडलेली आहेत. कोणता पैसा कधी जातो आणि कधी येतो हे धरून हिशेब केला की परतावा बसतो जेमतेम ५ टक्के. तुमची एफडी यापेक्षा जास्त देत होती. पीपीएफ आज ७.१ टक्के देतं. हाच दर कायम राहील असं धरून तेच हप्ते आणि तेच दरवर्षीचे ३६ हजार मांडले तर शेवटी ४० लाखांच्या आसपास उरतात, २५ लाख नव्हे. पीपीएफमधून असे दुसऱ्या वर्षापासून पैसे काढता येत नाहीत आणि सरकार दर बदलू शकतं, हे मला ठाऊक आहे. मी फक्त दर दाखवतेय. ५ टक्क्यांची गॅरंटी खरीच आहे, त्यात फसवणूक काही नाही. फसवणूक पुढच्या वाक्यात आहे.

‘गाडीचा हप्ता पॉलिसीच भरेल.’ ६ लाखांचं कर्ज, साडेनऊ टक्के, सात वर्षं : महिन्याला ९,८०० रुपये, वर्षाला १ लाख १८ हजार. पॉलिसी वर्षाला देणार ३६ हजार, म्हणजे साडेतीन महिन्यांचे हप्ते. तेही दुसऱ्या वर्षाच्या अखेरीस. पहिली दोन वर्षं पॉलिसी एक पैसा देत नाही, उलट तुमच्याकडून ३ लाख घेते. त्यानंतरही जे ३६ हजार येतात ते तुम्ही त्याच वर्षी दिलेल्या दीड लाखातलेच. माझ्याकडून १५० रुपये घेऊन कोणी मला ३६ परत केले आणि म्हणालं ‘घे, रिक्षाचं भाडं मी दिलं,’ तर मी त्याला काय म्हणेन ते इथे लिहिता येणार नाही.

तुमच्या घरचा हिशेब तुम्हीच दिलाय, मी फक्त वजाबाकी करते. ६८ हजारांतून १९,५००, ३२ हजार आणि ५ हजार गेले की उरतात ११,५००. वर्षाचे १ लाख ३८ हजार. त्यावर नव्या जबाबदाऱ्या : प्रीमियम दीड लाख, गाडीचा हप्ता १ लाख १८ हजार, नव्या गाडीच्या विम्याचे वरचे वीसेक हजार. झाले २ लाख ८८ हजार. दरवर्षी दीड लाखाची तूट. पॉलिसीचे ३६ हजार यायला लागल्यावरही एक लाखाच्या वर. ही तूट कशातून भरणार? तुम्ही लिहिलंय, कापसातून.

कापूस. सर, तुम्ही वऱ्हाडातले, मी तुम्हाला कापूस काय शिकवणार! २०२२ च्या उन्हाळ्यात अकोटच्या बाजारात भाव १० हजारांच्या वर गेला आणि तेव्हापासून दरवर्षी तो ‘यंदा परत जाणार’ असतो. २०२५-२६ च्या हंगामाचा हमीभाव लांब धाग्याला ८,११० आणि मध्यम धाग्याला ७,७१० रुपये क्विंटल आहे. बोंडअळी, परतीचा पाऊस आणि वेचणीची मजुरी यांतून जे सुटेल ते घरात येतं. ज्या वर्षी येईल त्या वर्षी आनंदाने बाजूला टाका. पण ‘सगळे म्हणतात’ या आधारावर दहा वर्षांचा दीड-दीड लाखाचा हप्ता बांधून घेऊ नका.

आणि ती एफडी. तुमचा महिन्याचा खर्च साडेछप्पन्न हजार. ४ लाख २० हजार म्हणजे सात महिन्यांची बेगमी. ७२ वर्षांचे आजारी वडील आणि एकच पगार असलेल्या घराला एवढी लागतेच. तुमच्या हातातली सगळ्यात चांगली गोष्ट तीच होती आणि तिलाच आधी हात लावला गेला. दीड लाख पॉलिसीत गेले. जुन्या गाडीचे २ लाख येतील हे तुमचं स्वप्न. सिग्नलला गरम होणारी तेरा वर्षांची गाडी, एसी गेलेला. एक्स्चेंजवाला बॉनेट उघडेल, मान हलवेल आणि ८०-९० हजार सांगेल. मग वरचा एक लाख दहा हजारही एफडीतूनच. उरले १ लाख ६० हजार, तीन महिन्यांपेक्षाही कमी.

वडिलांचा विषय निघालाच आहे तर एक विचारते. त्यांचं आयुष्मान वय वंदना कार्ड काढलंय का? ७० वर्षं पूर्ण झालेल्या प्रत्येकाला ते मिळतं, उत्पन्नाची अट नाही. योजनेतल्या दवाखान्यांत वर्षाला ५ लाखांपर्यंत उपचार होतात. आधार कार्डावर निघतं. अमरावतीचा तुमचा दवाखाना त्या यादीत आहे का ते पुढच्या फेरीत विचारा.

विम्याचंही एकदाच सांगते. या पॉलिसीतलं तुमचं जीवनकवच १५ लाखांच्या आसपास असणार. घरकर्ज अजून चालू आहे, दोन मुलं शिकताहेत, पत्नीला स्वतःची कमाई नाही. तुम्हाला १ कोटीचा साधा टर्म विमा हवा. तुमच्या वयाला, सिगारेट नसेल तर, वर्षाला मोघम २० हजार. सप्टेंबर २०२५ पासून वैयक्तिक आयुर्विम्यावर जीएसटीही नाही. मुदतीअंती काही परत मिळत नाही म्हणून बँकेत तो कोणी पुढे करत नाही. त्यांना त्यात काही सुटत नाही.

बरं, आता गाडी.

मी मेकॅनिक नाही, पण माझ्या जुन्या गाडीचा थर्मोस्टॅटही एका गॅरेजवाल्याने असाच काढून फेकला होता आणि मी दोन हिवाळे खिडक्या बंद करून थंडी खाल्ली. तेव्हा ४८ हजारांचं कोटेशन वाचताना मी आधी तुमच्या तक्रारींकडे पाहिलं. गाडी थांबल्यावर एसी गार हवा देत नाही, इंजिन गरम होतं तेही थांबल्यावरच, आणि दोन्ही हायवेला ठीक. धावत्या गाडीत समोरून वारा आपोआप येतो. थांबलेल्या गाडीत तो रेडिएटरच्या फॅनने आणायचा असतो. एसीची गरमी बाहेर टाकणारा कंडेन्सर रेडिएटरच्या पुढ्यातच बसलेला असतो, वारा दोघांना एकच. म्हणजे संशय घ्यायचा तो आधी फॅनवर. मोटर दमलीय, रिले चिकटलाय, वायर जळालीय, नाहीतर कंडेन्सरच्या जाळीत धूळ आणि कापसाची रुई बसलीय. अकोल्यात जिनिंगच्या दिवसांत गाडी रस्त्यावर उभी असते ना? बॉनेट उघडून बॅटरीच्या उजेडात दोन जाळ्यांच्या मधल्या फटीत बघा. तिथे करड्या लोकरीसारखा थर दिसला तर कमी दाबाच्या पाण्याने, पाती न वाकवता धुऊन घ्यायचा. कार वॉशचा जोरदार फवारा मारलात तर पाती चेपतात आणि मग वारा कायमचाच बंद.

कॉम्प्रेसर गेलाय की नाही हे दहा मिनिटांत कळतं. गाडी उभी करून एसी पूर्ण सुरू करा आणि एकाला डॅशबोर्डच्या झडपेसमोर हात धरून बसवा. एसी लागल्यावर फॅन फिरायला हवा. फिरत नसेल तर पुढची चाचणी कशाला? फिरत असूनही हवा कोमट असेल तर समोरून कंडेन्सरवर मगभर पाणी हळू सोडा. आतली हवा लगेच गार झाली तर दोष वाऱ्याचा. पाण्याने फरक नाही, पण ॲक्सिलरेटर दाबून आरपीएम दोन हजारांवर नेल्यावरच गार होते, तर कॉम्प्रेसर कमजोर असू शकतो. पाणी सोडताना हात आणि उपरणं फॅनपासून दूर. तो बंद दिसला तरी मध्येच सुरू होतो. ही चाचणी न करता कॉम्प्रेसर, कंडेन्सर आणि कॉइल एकदम बदला म्हणणारा माणूस गाडी बघून बोलत नाही, भाव सांगतोय.

गॅसचं मात्र त्याने तुम्हाला तीन वर्षं नीटच गंडवलं. एसीचा गॅस पेट्रोलसारखा खर्च होत नाही, तो बंद नळ्यांमध्ये फिरत राहतो. छोट्या गाडीत तो अर्धा किलोच्या आसपास असतो आणि नेमका किती भरायचा ते बॉनेटखालच्या स्टिकरवर लिहिलेलं असतं. दर उन्हाळ्यात भरावा लागतो म्हणजे गळतोय. साडेसात हजार तुम्ही हवेत सोडलेत. आधी नायट्रोजन भरून प्रेशर टेस्ट करा, जोडांवर साबणाचा फेस लावा किंवा रंग सोडून अतिनील दिव्याखाली बघा, गळती सापडली की ती बंद करा, आणि मगच वजन करून गॅस. बहुतेकदा शंभर रुपयांची रबरी रिंग निघते, कधी कंडेन्सरला सुईएवढं भोक. कॉइल गळत असेल तर डॅशबोर्ड उतरवावा लागतो, तिथे खर्च वाढतो. पण तेही दाखवा म्हणायचं, ऐकून घ्यायचं नाही.

थर्मोस्टॅट परत बसवा. इंजिन ठरावीक तापमानाला येईपर्यंत तो कूलंटला, म्हणजे इंजिन गार ठेवणाऱ्या द्रवाला, रेडिएटरकडे जाऊ देत नाही. तो नसला की पहाटे हायवेला इंजिन तापतच नाही, म्हणून हीटर थंड, कारण हीटर त्याच गरम कूलंटवर चालतो. इंजिन थंड आहे असं समजून गाडीचा संगणक पेट्रोल जास्त सोडतो, म्हणून तुमचं ॲव्हरेजही पडलं. वर्षाला सात हजार किलोमीटर धरले तर १७ आणि १३ मधला फरक सव्वाशे लिटरचा, म्हणजे वर्षाला बारा-तेरा हजार रुपये. सगळाच थर्मोस्टॅटच्या माथी मारत नाही, कोमट एसी पूर्ण जोरात ओढण्यातही काही जात असेल. पण भाग मजुरीसकट हजार-दीड हजारात बसतो. ‘इकडच्या उन्हात काय काम’ असं ज्याने सांगितलं, त्याने फॅनचा आजार थर्मोस्टॅट काढून झाकला.

आणि रेडिएटरमध्ये तुम्ही काय भरता? गावाकडे गाडी गरम झाली की बोअरचं पाणी ओतत असाल, हो ना? दर्यापूर म्हणजे खारपाणपट्टा. जे पाणी पिकाला चालत नाही ते ॲल्युमिनियमच्या रेडिएटरला काय चालणार! आत क्षार बसतात, नळ्या चोंदतात, वॉटर पंपाचं सील जातं. रेडिएटर धुवून तयार कूलंट भरा, नाहीतर कंपनीने सांगितलेल्या प्रमाणात डिस्टिल्ड वॉटरमध्ये मिसळून. डिकीत पाच लिटरचा कॅन ठेवा, म्हणजे गावचं बोअर आठवणार नाही.

हेड गॅस्केटची, म्हणजे इंजिनाचा ब्लॉक आणि वरचं हेड यांच्यामधल्या सीलची, भीती मात्र नुसती उडवून लावणार नाही. काटा एचकडे वारंवार गेलाय म्हणजे शक्यता आहे. कुठेही थेंब न पडता कूलंट कमी होतं का, इंजिन तापल्यावरही सायलेन्सरमधून पांढरा धूर येतो का, ऑइलच्या झाकणाखाली साईसारखा चिकट थर आहे का, चालू इंजिनात कूलंटच्या बाटलीत बुडबुडे येतात का, हे पाहा. यातलं काहीच नसेल तर ‘असेल’वर हेड उघडू देऊ नका. काही असेल तर दुसऱ्या गॅरेजमध्ये तपासून घ्या, कारण मग खर्चाची गोष्टच वेगळी होते. विम्यातून यातलं काही मिळणार नाही. ‘फुल’ म्हटलेल्या पॉलिसीतही झीज आणि यांत्रिक बिघाड वगळलेले असतात.

माझा अंदाज : फॅन, थर्मोस्टॅट, रेडिएटरची सफाई, कूलंट, गळती काढून गॅस मिळून १५ हजार. कंडेन्सर बदलावा लागला तर २२. हेड गॅस्केट खरंच निघालं तर ४० च्या घरात, आणि तेव्हा पुन्हा लिहा, माझं उत्तर बदलू शकतं. तोवर नवी गाडी नको. सप्टेंबर २०२५ पासून छोट्या गाड्यांवरचा जीएसटी १८ टक्क्यांवर आल्याने त्या स्वस्त झाल्या हे खरं, पण ६ लाखांवर सात वर्षांत सव्वादोन लाख व्याज भराल. जुन्या गाडीचा थर्ड पार्टी विमा, हजार सीसीच्या आत असल्याने, २,०९४ रुपये अधिक कर. दुरुस्तीला वर्षाकाठी २५-३० हजार धरले तरी ती महिन्याला अडीच हजारांच्या आसपासच पडते.

तुमच्या आरसीची १५ वर्षं २०२८ मध्ये संपतील. तेव्हा फिटनेस तपासणी, नूतनीकरणाचं शुल्क आणि पर्यावरण कर लागेल. बदलायची तर गाडी तेव्हा बदला. प्रीमियम परत आला की एफडी पुन्हा पूर्ण करा, त्यातून दुरुस्तीपुरते काढा. उरणाऱ्या ११,५०० मधले ८ हजार आवर्तक ठेवीत टाका. तीस महिन्यांत २ लाख ६० हजार जमतील. टर्म विम्याला महिन्याचे सतराशे. बाकी अठराशे असू द्या, कुठे जातील ते तुम्हाला मला सांगावं लागणार नाही.

मधल्या काळात अमरावतीच्या वाटेवर काटा वर गेलाच, तर एसी बंद करा, हीटर आणि ब्लोअर पूर्ण सोडा, काचा खाली करा आणि बाजूला थांबा. उन्हाळ्यात हीटर लावलेला पाहून वडील रागावतील, पण तेवढीच इंजिनाची गरमी बाहेर पडते. बॉनेट उघडा, पण रेडिएटरचं झाकण अर्धा-पाऊण तास उघडायचं नाही, कपडा धरूनही नाही. बोरगाव मंजूपर्यंत कसंबसं नेऊ म्हणून तशीच दामटली तर आज जे गॅस्केट शाबूत असेल तेही जाईल.

आणि बुधवारी शिक्का मिळाला की त्या प्रतीचा फोटो मला मेल करा.